शिशाखालचं नाव

माझी पहिली ओळख झाली ती त्याच्या बुटांशी.

ओर्मव्हिलच्या चर्चची दक्षिणेकडची खिडकी लढाईत उडाली होती, आणि लढाई संपून मी लहानाची मोठी झाले तरी तिथे फळ्याच ठोकलेल्या होत्या. त्या सप्टेंबरात एकदाच्या त्या निघाल्या. मी शार्त्रहून मोपेडवर, पाठीला तपकिरी कागदाची गुंडाळी बांधून, खिडकीचं माप घ्यायला गेले. शिडी चढून बाहेरच्या परांचीशी पोचते तर पोकळीत एक माणूस ऐसपैस बसलेला — पाय बाहेर सोडून, बूट नेमके माझ्या नाकासमोर.

"पाय घ्या," मी म्हटलं.

"कोण आहे?"

"तुम्ही ज्या खिडकीत बसून जेवताय ना, तिची मालकीण."

वरून एक चेहरा वाकला. भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी, एका गालात पाव. "मला वाटलं, खिडकी देवाची आहे."

"देवाचीच. फुटली की तो आम्हाला बोलावतो."

"आणि दगड ढासळला की मला." त्यानं पाय आत घेतले, पाव खिशात कोंबला आणि मला वर घ्यायला हात पुढे केला. मी तो धरला नाही. शिड्या मी लहानपणापासून चढते आहे.

थिबो त्याचं नाव. क्रूझकडचा पाथरवट. तिकडचे पुरुष छिन्नी घेऊन गावोगाव हिंडतात आणि सणावाराला घरी जातात, हे त्यानं मी न विचारता सांगितलं.

लोकांना वाटतं, रंगीत काचेचं काम म्हणजे रंग. ते फार पुढचं. आधी माप. जुन्या चर्चच्या दोन खिडक्या कधी सारख्या नसतात, एकाच कमानीचे दोन खांदेसुद्धा सारखे नसतात. ज्यानं ती बांधली त्याचाही एखादा दिवस वाईट गेलेला असतो. म्हणून फूटपट्टी चालत नाही. कागद पोकळीवर ताणून धरायचा आणि दगडाच्या कडेवरून कोळसा घासायचा, म्हणजे कमान जशी वाकडी असेल तशी कागदावर उतरते. मग कागद काढायच्या आधी त्यावर लिहायचं — माप आतून घेतलं की बाहेरून. आमच्या धंद्यातली ही पहिली गोष्ट. माझ्या काकांनी मला चमचा धरायला शिकवायच्या आधी ती शिकवली असावी.

एकटीनं करायला गेलं की कागद एका बाजूनं सुटतो. थिबोनं न सांगता दुसरी बाजू धरली.

"जरा वर," मी म्हटलं.

"तुम्ही हुकूम छान करता."

"तुम्ही कागद वाईट धरता. वर."

कोळसा घासत घासत मी त्याच्या बाजूला पोचले. त्याचा अंगठा बरोबर कडेवर होता. मी थांबले. तोही हलला नाही...

"अंगठ्यावरून घासू?"

"घासा की. खिडकीत माझा अंगठा राहील."

मला हसू आलं, पण ते मी कमानीकडे तोंड करून हसले.

मग त्यानं नवा बसवलेला एक दगड दाखवला. दगडाच्या उघड्या तोंडावर बारीक खूण होती — पक्ष्याचं पाऊल आणि त्यावर एक तिरकी रेघ. "ही माझी. आजोबांचं नुसतं पाऊल होतं, बापानं रेघ घातली, मी ती तिरकी केली. मी घडवलेल्या प्रत्येक दगडावर असते. तुमची कुठं असते?"

"शिशाखाली."

"म्हणजे?"

"काचेच्या कडेवर सुईनं नाव कोरायचं. वरून शिशाची पट्टी बसते, नाव झाकलं जातं. पुढं कधी कुणी खिडकी उकलली तर त्याला ते सापडतं. आमच्यात तशीच रीत आहे."

"आणि तोवर?"

"तोवर काय... असतं ते तिथं."

"मी कोरतो ते उन्हापावसात दिसायला," तो म्हणाला. "तुम्ही कोरता ते पुरायला." "नाव काय पण तुमचं?"

"शिशाखाली आहे म्हटलं ना."

"सांगणार नाही?"

"खिडकी बसली की मोडा आणि वाचा."

"मोडणार नाही. कुणाला विचारणारही नाही," थिबो म्हणाला. "वाचूनच घेईन."

मी कागद गुंडाळला आणि खाली उतरले. कापणी झालेल्या गव्हाच्या शेतांमधून परत येताना मी मोपेडवर चक्क गात होते, आणि मला गाता येत नाही.

आमचं वर्कशॉप खालच्या शहरात, एर नदीला लागून. पाटी 'ओनोरे मारेशो' अशी. ओनोरेकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लढाईतून परत आले नाहीत, तेव्हापासून मी काका-काकूंची. काकांनी रंगवलेले संतांचे चेहरे आख्ख्या बोस प्रांतात नावाजलेले. घरातल्या बायकांनी काच कापावी, शिसं बसवावं, फटींत लांबीचा लगदा भरावा, ब्रश धुवावेत. चेहरा मात्र काकांचा. "बाईच्या हातचा चेहरा गोडगोड होतो," ते म्हणायचे, आणि काकू लांबी मळत राहायची.

पण काकांच्या डोळ्यांवर आता दुधी पडदा येत चालला होता. वसंतात त्यांनी काढलेल्या एका संताचा डोळा गालावर घसरला. ओर्मव्हिलचं काम आलं तेव्हा त्यांनी संत मार्टिनचा चेहरा मला दिला — नुसता ब्रश पुढे सरकवला, एवढंच. खाली सही अर्थात 'ओनोरे मारेशो'. मार्टिनच्या सणाला, अकरा नोव्हेंबरला, खिडकी गावाला दाखवायची असं ठरलं.

मी हो म्हटलं. माझा पहिला चेहरा होता तो. नाव कडेवर कोरता आलं असतं, आणि तो भेटायच्या आधी मला तेवढं पुरलंही असतं. आता पुरेना. काच कापायला घेतली की कानात तेच — तुम्ही कोरता ते पुरायला. त्या पाथरवटाचा मला भयंकर राग यायला लागला, आणि शनिवार कधी येतो असंही व्हायला लागलं.

कारण शनिवारी तो यायचा. फुलंबिलं नाहीत, कोटाच्या खिशात भाजलेल्या चेस्टनटची गरम पुडी. आम्ही वर्कशॉपच्या मागं, जिथं पूर्वी बायका धुणं धुवायच्या त्या पायऱ्यांवर बसायचो. बारीक पाऊस पडत असायचा, नदीवर टिपके उठत असायचे, आणि तो चेस्टनट सोलून माझ्या हातावर ठेवायचा.

"युजेनी?"

"विचारणार नव्हतात ना?"

"विचारत नाहीये. अंदाज बांधतोय. क्लोतिल्द?"

"नाही."

"बेर्त?"

"मी बेर्त दिसते?"

"दिसत नाहीस. म्हणून तर जीव भांड्यात पडला."

मी त्याच्याकडे बघितलं. "'दिसत नाहीस' म्हणालात."

"म्हणालो खरा... परत घेऊ?"

"राहू दे," मी म्हटलं. "तुझ्या मिशीला साल लागलंय."

वरच्या खिडकीतून काकूचा आवाज आला. "पोरी, आत ये, भिजशील. नाहीतर त्याला तरी आत घे."

त्याच शनिवारी त्यानं सांगितलं की मार्टिनच्या सणानंतर तो बूर्जला जाणार, कॅथीड्रलच्या कामावर. "जा की," मी म्हटलं. "जातोच आहे," तो म्हणाला. मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की उरलेले सगळे चेस्टनट मी एकटीनं खाल्ले.

त्या आठवड्यात मी मार्टिनचा चेहरा काढला. गोष्ट सगळ्यांना माहीत असते: घोड्यावरचा शिपाई कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला बघतो, तलवारीनं आपल्या झग्याचे दोन भाग करतो आणि एक त्याला देतो. सगळ्या खिडक्यांत तो स्वर्गाकडे बघून मंद हसत असतो. माझा नाही हसला. अर्धा झगा देऊन टाकल्यावर त्यालाही थंडी वाजत असणारच. माझा मार्टिन ओठ आवळून, कुणी मला अडवून तर बघा, अशा नजरेनं भिकाऱ्याकडे बघत होता. भट्टीतून काच बाहेर आली तेव्हा तो चेहरा हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मला तो आवडला होता, आणि तो माझा होता.

लांबी भरायच्या आधी सगळे भाग एकदा जागेवर बसवून बघतात. नोव्हेंबर लागताच आम्ही ते ओर्मव्हिलला नेले. घोडा बसला. भिकारी बसला. लाल झगा बसला. राहिला सगळ्यांत वरचा, कमानीतला भाग — मार्टिनचा चेहरा आणि तलवारीचा हात. मी आणि थिबोनं तो उचलून खाचेत सरकवला. उजवा खांदा आत गेला. डावा जाईना. बोटभर काच दगडावर अडली होती.

काकांनी खालून कागद मागितला. उलटसुलट केला, डोळ्यांपाशी नेला. "आतून की बाहेरून?" त्यांनी विचारलं.

कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो शब्द लिहायच्या वेळी मी एका अंगठ्याकडे बघत होते. माप बाहेरून घेतलेलं, आणि वर्कशॉपमध्ये मी ते आतलं समजून पसरलं. कमानीचे दोन खांदे एकमेकांच्या जागी गेले होते.

"उलटा लावून बघ," काका म्हणाले.

उलटा लावला. चपखल बसला. पण आता मार्टिन डावखुरा झाला होता, आणि भिकाऱ्याकडे बघायचं सोडून घोड्याच्या शेपटीकडे रागानं बघत होता. शिवाय रंगाची बाजू बाहेर गेलेली. तशी ठेवली असती तर पावसानं काही वर्षांत त्याचे नाकडोळे धुऊन नेले असते. खाली उभे असलेले फादर खोकले. हसू दाबायला खोकले, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "चेहरा मी करतो. तू शिशाचं बघ. बाईमाणसाचं लक्ष..." मग त्यांनी थिबोकडे पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

ते फादरांबरोबर जेवायला गेले. मी परांचीवरच बसून राहिले. थिबो शेजारी येऊन बसला.

"बोटभरच दगड आहे," तो हळूच म्हणाला. "मी तासून देतो. ते सूप पिऊन येईस्तोवर तुझा मार्टिन आत बसलेला असेल."

"आणि कुणाला कळलं तर?"

"तर बूर्जचं काम जाईल. दुसरं मिळेल."

त्यानं छिन्नी उचललीसुद्धा. माझ्यासाठी कुणी एवढं करायला निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणी माझा त्याच्यावर जीव जडला, हे मी सरळ सांगून टाकते. आणि त्याच क्षणी मी छिन्नी त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही कमान ज्यानं वाकडी बांधली, त्याची चूक त्याची," मी म्हटलं. "माझी माझी. माझी चूक झाकायला आठशे वर्षांचा दगड कापायचा नाही. आणि माझ्या वाटचा चेहरा काकांनी काढायचा नाही."

"मग?"

"मी पुन्हा करीन."

"सण पुढच्या आठवड्यात आहे."

"कॅलेंडर आमच्याकडेही आहे."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दुखावला होता बहुतेक. "मी काय करू मग?" त्यानं विचारलं.

"कागद धर," मी म्हटलं. "आणि अंगठा बाजूला ठेव."

या वेळी आम्ही आतून शिडी लावली, आणि कोळसा हातात घ्यायच्या आधी मी कागदावर एवढं मोठं 'आतून' लिहिलं. थिबो म्हणाला, "मोठ्यानं वाचून दाखवू?" मी त्याला तोंड मिटायला सांगितलं, पण हसत सांगितलं.

वर्कशॉपमध्ये काकांनी ब्रश मागितला. मी म्हटलं, "नाही." उभ्या जन्मात काकांना मी नाही म्हटलं नव्हतं. ते खुर्ची फिरवून माझ्या टेबलाकडे पाठ करून बसले. बसा, मी मनात म्हटलं. मी काच कापली, रंगवली, भाजली. पहिला चेहरा भट्टीत तडकला. दुसरा काढायला बसले तेव्हा काकूनं शेजारी कॉफी ठेवली. दुसरा टिकला, आणि आधीच्यापेक्षा जास्त चिडका निघाला.

खिडकीच्या अगदी तळाशी सहीची काळी पट्टी असते. काळ्या रंगातून काडीनं अक्षरं खरवडून काढायची, म्हणजे उजेड तेवढ्याच रेघांमधून येतो. दर वेळी मी ती पट्टी काकांपुढे धरायची. या वेळी धरली नाही. काकू जवळ आली, पट्टीकडे पाहिलं, मग काकांच्या पाठीकडे पाहिलं.

"माझी सगळी नावं शिशाखाली आहेत, पोरी," ती हलक्या आवाजात म्हणाली, आणि काडीला टोक काढून माझ्या हातात दिली.

मार्टिनच्या सणाच्या सकाळी खिडकी बसली. दोन्ही खांदे आत गेले. बाहेर थिबो परांची सोडवत होता, आत काका शिडीच्या मधल्या पायरीवर वाकून तळची पट्टी बघत होते — डोळा काचेला टेकेल इतके जवळून. त्यांनी सावकाश वाचलं. मग पिशवीतून शिशाची एक रुंद पट्टी काढली.

"ही लाव वरून. झाकलं जाईल."

"नाही."

"लोक पाटी बघून काम देतात, पोरी."

"मग पाटी बदला." शिसं कापायची सुरी मी त्यांच्यापुढे धरली. "झाकायचंच असेल तर तुम्ही तुमच्या हातानं झाका, काका. पण आधी वर जाऊन त्याच्याकडे बघा."

काका आणखी वर चढले. मार्टिनच्या तोंडासमोर तोंड नेऊन कितीतरी वेळ उभे राहिले. खाली काकूनं माझा दंड धरला होता.

"हा गोड नाहीये," वरून आवाज आला.

"नाही."

"चिडलाय."

"थंडी वाजतेय त्याला. अर्धा झगा गेलाय."

काका खाली उतरले. शिशाची पट्टी त्यांनी दुमडली, आणखी एकदा दुमडली आणि खिशात घातली. "लाल रंग बरा लागलाय," एवढंच म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. काकूनं जोरात नाक शिंकरलं.

तेवढ्यात फादर आले, खिडकीखाली थांबले. "मिस्यू मारेशो, ही सही कुणाची?"

"माझी," मी म्हटलं, काकांनी तोंड उघडायच्या आत.

मग मागचं दार वाजलं. थिबो टोपी हातात घेऊन आत आला. "बाहेरून उलटं दिसतं," तो म्हणाला. "वाचता येईना." तो सरळ शिडीवर चढला. पुन्हा माझ्या नाकासमोर तेच बूट, भुकटीनं पांढरे.

"सिदोनी," त्यानं वाचलं. अगदी हळू, एकेक अक्षर सोलल्यासारखं. "सिदोनी मारेशो..." मग खाली बघितलं. "हे माझ्या अंदाजात नव्हतं."

"म्हणून तर सांगितलं नाही."

"सिदोनी, खिडकीचा हा खालचा दगड मी घडवलाय. नवा आहे. माझी खूण शोध त्यावर."

मी टाचा उंचावून बघितलं. दगड कोरा होता.

"ठेवली होती जागा," तो म्हणाला. "तुझं नाव उघड्यावर आलं तर त्याच्या खाली कोरायची. नाहीतर नाही."

लोक आत यायला लागले होते. बायका बाकांवर बसत होत्या, पुरुष टोप्या काढत होते. मला सगळे दिसत होते, आणि मी आवाज मुळीच खाली आणला नाही.

"हे बघ, थिबो. मी तुझ्यामागं बूर्जला येणार नाही. माझं काम इथं आहे."

"ये म्हणालो नाही."

"पण मला तू हवा आहेस. हे सांगायला मी शंभर वर्षं थांबणार नाही, आणि कुठल्या पट्टीखाली लपवणारही नाही."

पहिल्या बाकावरची म्हातारी मागच्या म्हातारीला काहीतरी म्हणाली. फादरांनी आपलं पुस्तक फार बारकाईनं वाचायला घेतलं. थिबोचे कान पुन्हा लाल झाले.

"बूर्ज वसंतापर्यंत आहे," तो म्हणाला. "मग मी येतो. दगड काय, शार्त्रलाही ढासळतातच."

"मग कोर."

"आत्ता? प्रार्थना सुरू होतेय, सिदोनी."

"आत्ता."

त्यानं कमरेची छिन्नी काढली. बाकावरून काकांचा आवाज आला, "पोरी, आतून की बाहेरून, ते आधी लिहून घे त्याच्याकडून." आख्खं चर्च हसलं. काकासुद्धा.

"आतून, काका," मी म्हटलं.

वर घंटा वाजायला लागली. थिबोनं पहिला घाव घातला, आणि दगडाची पांढरी भुकटी माझ्या केसांवर, सणाच्या निळ्या कोटावर पडली. मी ती झटकली नाही.